फॅन चांगला, सोबतचा पाइप बदला: १०० मिमी इनलाइन एक्झॉस्ट किट

१०० मिमीचा इनलाइन फॅन (पाइपच्या मधे बसणारा पंखा), तीन मीटर ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप, छताला लावायची गोल जाळी, बाहेरच्या भिंतीला लावायची झडपांची जाळी आणि दोन क्लॅम्प (पाइप आवळायच्या पट्ट्या). बाथरूमसाठीचं हे किट बऱ्याच नावांनी मिळतं आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मत आधीच सांगतो: फॅनला पाचपैकी साडेचार, क्लॅम्पला तीन, पाइपला एक.

फॅनला इतके गुण का? भिंतीच्या भोकात बसणारा साधा पंखा मोकळ्या हवेत जोरात फिरतो, पण पुढे पाइप जोडला की त्याचा जीव जातो. त्याची ताकद शंभर पास्कलच्या (पास्कल हे दाब मोजायचं एकक) बऱ्याच खालच्या दाबाची. इनलाइन फॅन शंभरच्या पुढचा दाब सहज पेलतो, म्हणून फॉल्स सीलिंगवरून दोन-तीन मीटर हवा न्यायची असेल तर तोच घ्यावा. मोटर डोक्यावर नसल्याने आवाजही कमी. फक्त स्लॅबला थेट आवळू नका, मधे रबराच्या चकत्या द्या, नाहीतर घरघर शेजारच्या खोलीत ऐकू येते. घेताना बॉल बेअरिंग आहे ना, हे बघा. बुशवाली (छऱ्यांऐवजी साधी नळी असलेली) मोटर उभी टांगली की लवकर झिजते.

खोक्यावर ताशी दीडशे ते दोनशे घनमीटर असा आकडा असतो. तो पाइप न जोडता मोजलेला. तुम्हाला लागतं किती? लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून आठने गुणा, कारण तासाला आठ वेळा हवा बदलली तर आंघोळीची वाफ वेळेत निघते. २ × १.८ × २.७ मीटरच्या बाथरूमला ताशी सुमारे ७८ घनमीटर पुरतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा निम्म्यावर आला तरी काम भागतं. तो निम्म्याच्याही खाली जातो तो पाइपमुळे.

लवचिक पाइपच्या आतल्या वळ्या हवेला अडवतात. पूर्ण ताणून लावला तर चालून जातं; पण तीन मीटरचा पाइप दीड मीटरच्या अंतरात कोंबला, तर वळ्या एकमेकींवर चढतात आणि रोध कित्येक पट वाढतो. बसवणारे नेमकं हेच करतात, 'कापायला कशाला, राहू दे आत' म्हणून. शिवाय सैल पाइप मधे पोट काढतो, त्या पोटात वाफेचं पाणी साचतं, आणि एक दिवस छतावर पिवळा डाग दिसतो. लोक वरच्या मजल्याच्या गळतीला दोष देतात.

त्याऐवजी ११० मिमीचा पीव्हीसी पाइप आणि फॅनच्या तोंडाशी रबरी जोड वापरा. पाइप बाहेरच्या भिंतीकडे उतरता हवा, मीटरला १५ मिमी. सांध्यात फॅनकडच्या पाइपचं टोक बाहेरच्या बाजूच्या पाइपच्या सॉकेटमध्ये (रुंद तोंडात) शिरलं पाहिजे. उलट जोडलं तर पाणी सांध्यातून बाहेर येतं. ९० अंशाच्या एका एल्बोऐवजी (वळणाच्या जोडाऐवजी) ४५ चे दोन लावा. फॅनला लागून लगेच वळण नको, किमान ३०० मिमी सरळ पाइप असू द्या. सांध्यांवर ॲल्युमिनियम फॉइल टेप लावा. कापडी टेपचा डिंक काही काळाने सुटतो. स्क्रू आरपार मारू नका, टोकांना धूळ-केस अडकून बोळा तयार होतो. माळ्यावर थंडी पडत असेल तर पाइपला इन्सुलेशन गुंडाळा, म्हणजे वाफेचं आतच पाणी होणार नाही.

भोक मिळत नाही म्हणून ७५ मिमीचा पाइप सुचवणाऱ्याचं ऐकू नका. तेवढीच हवा न्यायची तर रोध चौपटीच्या वर जातो.

पाइपचं टोक मोकळ्या हवेतच निघालं पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा माळ्यावर सोडून दिलेला पाइप म्हणजे ओल एका खोलीतून दुसरीकडे नेऊन ठेवणं. लाकूड, जिप्सम बोर्ड, वायरिंगच्या पेट्या सगळं दमट होतं आणि बुरशी धरते.

बाहेरच्या जाळीच्या झडपा प्लास्टिकच्या आणि हलक्या असतात. वाऱ्याने फडफडतात, पण बंद फॅनमधून उलटी हवा येणं बऱ्यापैकी थांबवतात. झडपांच्या मागे बारीक मच्छरजाळी असेल तर काढून टाका, ती धुळीने तुंबते. पावसाचा मारा असलेल्या भिंतीवर खाली तोंड असलेला काउल (टोपण) बसवा. सिलिकॉन वरून आणि दोन्ही बाजूंनी. खालची कड मोकळी ठेवा, आत शिरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. कोअर कटिंगचं (मशीनने भिंतीत पाडलेलं गोल) भोक पाइपच्या बाह्य व्यासापेक्षा १० मिमी तरी मोठं आणि बाहेरच्या बाजूला उतरतं घ्या.

हवा बाहेर टाकायची तर आत यायलाही वाट हवी. दाराखाली १० मिमी फट ठेवा. छताची जाळी दाराच्या समोरच्या बाजूला, शॉवरजवळ बसवा. फॅनशेजारची खिडकी उघडी ठेवली तर फॅन बाहेरचीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि आरसा तसाच धुरकट राहतो.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हे किट घेऊच नका. फॅनच्या ओढीने जळालेला वायू खोलीत परत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी गिझर बाहेर हलवा.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच. दिव्याच्या बटणावर फॅन जोडला तर आंघोळ संपल्यावर दिव्याबरोबर तोही बंद होतो, खरी गरज तर त्यानंतर असते. वेगळं बटण आणि १५-२० मिनिटं पुढे चालवणारा टायमर घ्या. बसवून झाल्यावर टिश्यूचा एक पदर जाळीला लावून बघा, तो चिकटून राहिला पाहिजे. मग बाहेर जाऊन झडपा उघडल्यात का ते पाहा. टिश्यू चिकटतो पण झडपा मिटलेल्याच, तर मधला एखादा सांधा सुटलाय. वर्षातून दोनदा वीज बंद करून जाळी आणि पाती पुसा. तेवढ्यासाठी सीलिंगमध्ये हात जाईल अशी झाकणी आधीच ठेवायला सांगा.

बाथरूमची एक भिंत थेट बाहेर उघडत असेल तर यातलं काहीच लागत नाही. १५० मिमीचा भिंतीत बसणारा साधा पंखा आणि मागे झडपांची जाळी घ्या, पाइपचा प्रश्नच मिटतो.