दोन ड्रॅगन दंड, वीस वर्षं तडीपारी: वॉटरडीपचा ‘कोड लीगल’ टेबलावर कसा चालतो

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाचं, वॉटरडीप या काल्पनिक शहरात घडणारं ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ हातात घेतलं की डीएमची (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची) नजर आधी चार खलनायकांवर जाते, मग पाच लाख ड्रॅगनच्या (ड्रॅगन हे तिथलं सोन्याचं नाणं) लपवलेल्या खजिन्यावर. परिशिष्टातलं ‘कोड लीगल’ नावाचं, शहराचा कायदा सांगणारं आणि प्लेयरच्या हातात द्यायचं हँडआउट पुष्कळ जण चाळून पुढे जातात. आमच्या मते मात्र हे पुस्तक घ्यावं ते या हँडआउटसाठी. खजिन्याची गोष्ट एकदाच खेळता येते. शहराचा कायदा पुढच्या प्रत्येक कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीत) कामाला येतो.

पुस्तकाची माहिती थोडक्यात अशी: विझार्ड्स ऑफ द कोस्टचं प्रकाशन, सप्टेंबर २०१८, डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २२४ पानं, लेव्हल १ ते ५च्या कॅरेक्टर्ससाठी. शेवटच्या भागात ‘व्होलोज वॉटरडीप एन्किरिडियन’ हा शहराचा मार्गदर्शक आहे. वॉर्ड, गिल्ड (धंद्यांचे संघ), नाणी, सण सगळं त्यात मिळतं. हँडआउट आणि हा मार्गदर्शक शेजारी ठेवून वाचले तरच शहर उभं राहतं, नाहीतर हँडआउट म्हणजे नुसती शिक्षांची यादी.

यादीचे चार भाग आहेत: लॉर्ड (शहराचे राज्यकर्ते), अधिकारी आणि सरदारांविरुद्धचे गुन्हे, शहराविरुद्धचे, देवांविरुद्धचे आणि नागरिकांविरुद्धचे. शिक्षांची नावं मराठीत आणली की टेबलावर खेळ एकदम सोपा होतो, कारण आपल्याकडे हे शब्द वर्तमानपत्रातून रोज कानावर पडतात. एग्झाइल म्हणजे तडीपारी, हार्ड लेबर म्हणजे सक्तमजुरी, फ्लॉगिंग म्हणजे फटके, एडिक्ट म्हणजे मनाई हुकूम. ‘तडीपार’ म्हटल्यावर मुंबईच्या प्लेयरला वेगळं काही समजवावं लागत नाही. फरक फक्त मुदतीचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ प्रमाणे तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. वॉटरडीपमध्ये अधिकाऱ्याला लाच देऊ केली तर वीस वर्षांपर्यंत शहराबाहेर, वर लाचेच्या दुपटीपर्यंत दंड. वॉचच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या, शिपायाच्या हातात नाणं सरकवून सुटायची सवय असलेल्या पार्टीला (प्लेयर्सच्या कॅरेक्टर्सच्या टोळीला) हे कलम पहिल्याच सेशनला वाचून दाखवावं.

दंड आणि नुकसानभरपाई यांत गल्लत करू नका. दंड शहराच्या तिजोरीत जातो, भरपाई ज्याचं नुकसान झालं त्याला किंवा त्याच्या वारसांना. दंड भरता आला नाही तर सक्तमजुरी. मनाई हुकूम म्हणजे अमुक गोष्ट पुन्हा करायची नाही असा आदेश, तो मोडला की कैद, मजुरी किंवा आणखी मोठा दंड. डीएमसाठी सगळ्यांत सोयीची शिक्षा हीच. पार्टी तुरुंगात सडत नाही, खेळ थांबत नाही, पण ‘या सराईत पाय ठेवायचा नाही’ किंवा ‘डॉक वॉर्डात जादू करायची नाही’ एवढा हुकूम पुढची तीन सेशन्स रंगवतो.

आता आकडे. वॉटरडीपमध्ये दहा निबचा एक शार्ड, दहा शार्डचा एक ड्रॅगन आणि दहा ड्रॅगनचा एक सन. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये अकुशल मजुराची रोजी दोन चांदीची नाणी, म्हणजे दोन शार्ड. रस्त्यावर कचरा टाकल्याचा दंड दोन ड्रॅगनपर्यंत आणि वर मनाई हुकूम. दोन ड्रॅगन म्हणजे त्या मजुराची दहा दिवसांची कमाई, तिथल्या हिशेबाने अख्खा एक टेनडे. मुंबई महापालिकेच्या २००६च्या स्वच्छता उपविधींत थुंकण्याचा दंड दोनशे रुपये ठरला, तो नाक्यावरच्या मजुराच्या एका दिवसाच्या कमाईपेक्षाही कमी आहे. ही तुलना सांगितली की प्लेयरला कळतं की हे शहर स्वच्छतेबाबत किती कडक आहे. तिथे डंगस्वीपर्स गिल्ड नावाचा सफाई करणाऱ्यांचा स्वतंत्र गिल्ड आहे, तो का आहे हेही मग उमगतं.

पुढचे आकडे याच मापाने मोजा. विनाकारण शस्त्र उपसलं तर दहा ड्रॅगनपर्यंत दंड किंवा टेनडेभर कैद, किंवा दोन्ही. शांतताभंगाला पंचवीसपर्यंत. पहिल्या लेव्हलच्या कॅरेक्टरकडे बॅकग्राउंडमधून (निवडलेल्या पूर्वायुष्यातून) बहुधा दहा ते पंचवीस ड्रॅगन असतात, म्हणजे एका रात्रीच्या आरडाओरड्यात सगळा बटवा रिकामा. आगलावीला देहदंड किंवा वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, शिवाय दुरुस्तीचा खर्च आणि वर दोन हजार ड्रॅगन. दोन हजार ड्रॅगन म्हणजे मजुराचे दहा हजार दिवस, सत्तावीस वर्षांहून जास्त. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून पुढचा भाग वाचा, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच होतो.

कॅन्ट्रिप (सर्वांत साधे मंत्र) आणि पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचे कित्येक स्पेल (मंत्र) या कायद्यात थेट अडकतात. आग फेकणारा फायर बोल्ट घ्या. कोणी अंगावर घातलेली किंवा हातात धरलेली नसलेली ज्वलनशील वस्तू त्याने पेटते. लाकडी गोदामात नेम चुकून बोल्ट पोत्यांवर गेला, तर डीएमच्या मर्जीने तो आगलावीचा गुन्हा. बर्निंग हँड्सचंही तेच. समोरच्याला भुरळ घालणारा चार्म पर्सन तासभर टिकतो आणि उतरला की समोरच्याला कळतं की आपल्यावर जादू झाली, कोणी केली तेही. नागरिकावर संमतीशिवाय जादूने प्रभाव टाकला तर हजार ड्रॅगनपर्यंत दंड किंवा भरपाई आणि मनाई हुकूम. म्हणजे फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपीचं नाव, तिन्ही गोष्टी स्पेल स्वतःच पुरवतो. फ्रेंड्स कॅन्ट्रिप तर एका मिनिटात संपतो आणि समोरचा शत्रू होऊन बसतो. भाव कमी करून घ्यायला बाजारात तो वापरणारा बार्ड (गाण्यातून जादू करणारं कॅरेक्टर) शहरात फार दिवस मोकळा फिरू नये. थंडरवेव्हचा आवाज तीनशे फुटांपर्यंत जातो, कुलूप उघडणाऱ्या नॉकचाही. घरफोडीसाठी नॉक वापरणं म्हणजे वॉचला आवतण. प्रत्येक जादूगाराच्या कॅरेक्टर शीटवर अशा स्पेलपुढे पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि ती प्लेयरच्या हाताने करून घ्या, म्हणजे नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा वाद होत नाही.

दुसरी मोठी अडचण खुनाची. नागरिकाचा विनाकारण खून केला तर देहदंड किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, वर वारसांना हजार ड्रॅगनपर्यंत भरपाई. कारण सिद्ध झालं तरी सुटका नाही: पाच वर्षांपर्यंत तडीपारी, तीन वर्षांपर्यंत मजुरी किंवा भरपाई. आपल्या कायद्यात स्वसंरक्षणाचा हक्क आहे, त्या समजुतीने खेळणारे प्लेयर इथे हमखास फसतात. गुंडाने आधी सुरा काढला असला तरी त्याला मारून टाकणं वॉटरडीपमध्ये महागात पडतं. उपाय नियमातच आहे. जवळून केलेल्या हल्ल्याने कोणी शून्य हिट पॉइंटवर आला (म्हणजे त्याची जीवशक्ती संपली), तर मारणारा त्याला ठार न करता बेशुद्ध करू शकतो. ही सोय फक्त जवळच्या हल्ल्याला आहे. धनुष्याच्या बाणाला नाही, फायर बोल्टला नाही, मॅजिक मिसाइललाही नाही. म्हणून गल्लीतल्या मारामारीत शेवटचा घाव कोणी घालायचा हे पार्टीने आधी ठरवावं. जवळून लढणाऱ्या फायटर किंवा मंकने शेवट करायचा, जादूगाराने मागे राहून वाट अडवायची. एवढी एक शिस्त लागली की अर्धे खटले उभेच राहत नाहीत.

हँडआउट शिक्षा सांगतं, पण अटकेपासून निकालापर्यंतचा रस्ता डीएमलाच बांधावा लागतो. हीच त्याची खरी उणीव. वॉच म्हणजे शहरातले पोलीस, गार्ड म्हणजे तट, दरवाजे आणि बंदर सांभाळणारे सैनिक. काळे झगे घातलेले मॅजिस्टर जागच्या जागी शिक्षा सुनावू शकतात. गंभीर प्रकरणं लॉर्ड्सकडे जातात. लॉर्ड मुखवट्याआड असतात, उघड ओळख फक्त ओपन लॉर्डची, आणि या पुस्तकाच्या काळात ती लेरल सिल्व्हरहँड. एवढ्या सामग्रीवर आम्ही सुचवू ती पद्धत अशी. वॉच आल्यावर शस्त्रं ताब्यात घेते आणि नाव, पत्ता, गिल्ड विचारते. पत्ता आणि गिल्ड असलेल्याला सकाळपर्यंत सोडता येतं, उपऱ्याला कोठडी. दुसऱ्या दिवशी मॅजिस्टरपुढे प्रत्येकाला एकच मुद्दा मांडू द्या आणि त्यावर एकच पर्स्युएजन चेक (मन वळवण्यासाठी टाकायचा फासा), लक्ष्य पंधराच्या आसपास. यश आलं तर शिक्षा ‘पर्यंत’च्या खालच्या टोकाला, फसलं तर वरच्या. साक्षीदार पार्टीच्या बाजूचा असेल तर ॲडव्हान्टेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा). वीस मिनिटांत सुनावणी संपली पाहिजे. त्याहून लांबली की जे प्लेयर गुन्ह्यात नव्हते ते कंटाळतात.

मराठीत खेळताना या प्रसंगाला एक जादा धार येते. इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याकडे वॉचचा शिपाई डॉक वॉर्डातल्या हमालाला ‘काय रे, कुठं निघालास?’ म्हणतो आणि नॉर्थ वॉर्डातल्या सरदारपुत्राला ‘जरा आमच्याबरोबर यावं लागेल, साहेब.’ कोड लीगलमध्ये सरदार आणि नागरिक यांच्यासाठी वेगळी कलमं आहेतच. सरदाराचा खून म्हणजे थेट देहदंड, तिथे मजुरीचा पर्याय नाही. हा भेद प्लेयरला वाचून नव्हे, ऐकून कळू द्या. पुस्तकाच्या पहिल्या भागात वॉचचा कॅप्टन ह्यूस्टस स्टॅगेट पार्टीच्या हातात कोड लीगलची प्रत देतो, तिथूनच सुरुवात करा. तो कॅरेक्टर्सना ‘तू’ म्हणतो की ‘तुम्ही’, यावरून पार्टीची पत ठरते.

गिल्डचा भाग पुस्तकात उत्तम उतरलाय. दुसऱ्या भागात पार्टीला एक पडकी सराई मिळते. मालकीपत्रासाठी मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाला पंचवीस ड्रॅगन आणि लेखनिकांच्या गिल्डला पंचवीस. दुरुस्तीला हजार, गिल्डच्या परवान्यांना अडीचशे, आणि चालू झाल्यावर दर टेनडेला साठ. मुंबईत दुकान टाकलेल्या कोणालाही गुमास्ता लायसन्सची आठवण येईल, पण इथला फरक महत्त्वाचा आहे: परवाना सरकार देत नाही, धंद्यातलीच माणसं देतात. म्हणजे नकार देणारा अधिकारी हाच तुमचा स्पर्धक. डीएमने गिल्डची माणसं एकदम आणू नयेत. सराईवाल्यांचा आधी, मद्यवाल्यांचा दुसऱ्या सेशनला, आणि प्रत्येकाला पैशाऐवजी काम सांगता येईल अशी एक अडचण जवळ ठेवा. साडेबाराशे ड्रॅगन दुसऱ्या लेव्हलच्या पार्टीकडे रोख नसतात, त्यामुळे कर्ज किंवा काम यांवाचून हा भाग अडतोच.

नाण्यांबाबत एक सूचना. टाओल हे भोक पाडलेलं पितळी चौकोनी नाणं शहरात दोन ड्रॅगनचं, बाहेर जवळजवळ कवडीमोल. खेळताना ते वेगळं मोजा. शहर सोडणाऱ्या किंवा तडीपार झालेल्या कॅरेक्टरला वेशीवर अचानक कळतं की अर्धा बटवा निरुपयोगी आहे. एरवी या नाण्याने कचऱ्याचा पूर्ण दंड मोजून भरता येतो.

छापील प्रत आयात होऊन येते, त्यामुळे किंमत महिन्या-महिन्याला बदलते. घ्यायच्या आधी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहा. हँडआउटची प्रत प्रत्येक प्लेयरला लागते, एकच प्रत फिरवली तर कोणी वाचत नाही. झेरॉक्स काढताना थोडं मोठं करून घ्या, रात्रीच्या उजेडात छोटा टाइप दिसत नाही. फक्त प्लेयर म्हणून बसणाऱ्याने पुस्तक विकत घेऊ नये, गोष्टीची मजा जाते. हँडआउट डीएमकडून मिळतंच.

राहिले सण, आणि कायद्याची खरी कसोटी तिथेच लागते. ट्रोलटाइडला पोरं ट्रोलसारखी गुरगुरत दारोदार फिरतात आणि खाऊ मागतात. दार उघडून तलवार उपसणाऱ्या कॅरेक्टरवर शस्त्र उपसण्याचं कलम लागू करा. फ्लीट्सवेक हा समुद्राचा उत्सव, नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात तो भाव ज्यांनी पाहिलाय त्यांना तो लगेच जवळचा वाटेल. फ्लीट्सवेकला उंबरली देवीसाठी जमवलेली नाणी बंदराच्या खोल भागात सोडतात. पार्टीतला ‘रोग’ (चोरी-चलाखीत तरबेज कॅरेक्टर) त्या नाण्यांसाठी बुडी मारायची परवानगी मागणार, हे धरून चाला. त्याला साध्या चोरीचं कलम लावू नका. हे देवाचं दान आहे, म्हणून कोड लीगलचा तिसरा भाग, देवांविरुद्धचे गुन्हे, उघडा: टेनडेपर्यंत कैद, आणि उचललेल्या किमतीच्या दुपटीपर्यंत भरपाई, तीही उंबरलीच्या पुजाऱ्यांना.