जलसंजीवनीचं (ओआरएसचं) साधं पाकीट (आशाताईंकडे फुकट मिळतं ते), ५ पैकी ५

२०२५ च्या जुलैत आमच्या दीड वर्षाच्या लेकीला जुलाब लागले, दिवसात नऊ-दहा वेळा, नळाला गढूळ पाणी येत होतं त्याचंच असणार. मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं तर संत्र्याच्या चवीचा टेट्रापॅक हातात दिला, मीही घाईत वाचलं नाही, आणि तो पाजल्यावर जुलाब वाढलेच. साखर इतकी असली की आतड्यात उलट जास्त पाणी ओढलं जातं हे मला नंतर कळलं. पुढे ऑक्टोबरात एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा सरबतांवर ओआरएस लिहायला बंदी घातली, खूप आधी व्हायला हवी होती!!

संध्याकाळी आशाताई आल्या, डबा बघून म्हणाल्या, "अगं, हे सरबत आहे." दोन पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या देऊन गेल्या. पाकिटात २०.५ ग्रॅम पावडर, ग्लुकोज १३.५, मीठ २.६, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट, बस. ग्लुकोज आतड्यातून रक्तात जाताना मिठाला सोबत नेतं आणि मिठामागे पाणी जातं, पटकीत (कॉलऱ्यात) सुद्धा ही वाट बंद होत नाही. १९७१ ला बांगलादेशी निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीच्या साथीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून दिलं, घरचेच लोक रुग्णांना पाजायचे, आणि शंभरात तीसच्या आसपास होणारे मृत्यू चारच्या खाली आले. आणि ही वस्तू आपल्याला फुकट मिळते!

आता तक्रारी. चव खारट-गोड, पोरीने पहिला घोट थुंकला, मग चमच्या-चमच्याने दिलं, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून परत. पावसात पावडरीचा गोळा होतो. आणि सूचना इतक्या बारीक अक्षरात की आमच्या सासूबाई अर्धं पाकीट पेल्यात टाकायला निघाल्या होत्या, तसं करू नका, पूर्ण पाकीट पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला नीट लघवी झाली आणि माझा जीव भांड्यात पडला. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी झिंक १४ दिवस दिलंच, आशाताई विचारायला यायच्या. शीमध्ये रक्त असेल, डोळे खोल गेले असतील, मूल पितच नसेल तर मात्र पाकिटावर थांबू नका, सरळ दवाखाना गाठा.

आता घरात चार पाकिटं असतात आणि स्टीलच्या तांब्यावर १ लिटरची खूण करून ठेवलीय.