दासाचे भय की लेकराचे भय?

ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनसने १३व्या शतकात देवाच्या भयाचे प्रकार वेगळे केले. त्यांतले दोन खरे महत्त्वाचे: दासाचे भय आणि लेकराचे भय. दासाला शिक्षेची धास्ती असते, लेकराला बाप दुखावेल याची. त्याच्या आधीचा ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीन याचा दाखला अधिक नेमका आहे. व्यभिचारी पत्नीला पती येईल याची भीती, पतिव्रतेला तो सोडून जाईल याची.

मग दासाचे भय टाकाऊच? नाही. ते पापापासून हात आवरते, पण मन तिथेच घुटमळत राहते. शिक्षेचा धाक सरला की जुनी सवय परतते, हीच त्याची खोट. तरी १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले, की नरकाच्या भीतीतून आलेला अपुरा पश्चात्तापही, पाप सोडण्याचा निश्चय आणि क्षमेची आशा सोबत असेल तर, पापनिवेदनाच्या (कन्फेशनच्या) संस्काराची तयारी म्हणून चालतो.

लेकराचे भय प्रेमाबरोबर वाढते. बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१८) पूर्ण प्रीती भीती घालवून देते, ती दासाची. यशयाच्या ग्रंथातल्या ११व्या अध्यायातले परमेश्वराचे भय मात्र पवित्र आत्म्याचे दान आहे. निर्गमाच्या ग्रंथात (२०:२०) तर मोशे एकाच दमात ‘भिऊ नका’ म्हणतो आणि देवाचे भय बाळगायलाही सांगतो! संदर्भ न पाहता एकच वचन उचलले, की इथेच गोंधळ होतो.

स्वतःला तपासायचे तर प्रश्न एकच: कधीच पकडले जाणार नसू, तरी हे पाप टाळू का?