बारा इंची सबवूफरचा ‘पूर्ण सेट’ : वूफर ठीक, वायर मात्र बदलाच

इंदूरच्या कार ॲक्सेसरीजच्या दुकानांत सबवूफर (बास वाजवणारा मोठा स्पीकर) सुटा कमी आणि सेटमध्ये जास्त विकला जातो. १२ इंची वूफर, आधीच बांधून कार्पेट चिकटवलेला पोर्टचा (हवेसाठी भोक ठेवलेला) डबा, दोन चॅनलचा ॲम्प (आवाजाला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं वायरिंग किट. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही, कारण या सेटमधल्या चारही वस्तू बहुधा चार वेगळ्या ठिकाणच्या असतात. तक्रारी मात्र सगळीकडे त्याच. आवाज थोडा वाढवला की फाटतो. बास ऐकू येतो पण छातीत भरत नाही. नाहीतर राजेंद्रनगरहून निघालेली गाडी विजयनगरला पोचेपर्यंत ॲम्पचा लाल दिवा लागलेला असतो आणि वूफर गप्प.

अशा वेळी दोष वूफरच्या माथी मारला जातो आणि दुकानदार त्याहून मोठा वूफर दाखवतो. वूफर बदलू नका. या सेटमध्ये वूफर हीच सगळ्यांत बरी वस्तू असते आणि वायरिंग किट सगळ्यांत वाईट.

किटच्या लाल वायरवर ‘८ गेज’ छापलेलं असतं (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) आणि हाताला ती जाडही लागते. टोकाचं वेष्टन सोलून पाहा. रबर जाड आणि आत तारांचा जुडगा बारीक. त्यातली एक तार ब्लेडने खरवडली की तांब्याचा लाल रंग निघून जातो आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसतं. ही तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर, दुकानात हिला सीसीए म्हणतात. तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या वायरीपेक्षा तिचा अवरोध साधारण दीडपटीहून जास्त असतो. खऱ्या ८ गेजचा तांब्याचा गाभा सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर असतो. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत ५ मीटर धरा आणि ५० अँपियर प्रवाह धरा, तर तांब्याच्या वायरीत अर्धा व्होल्ट पडतो, सीसीएमध्ये सुमारे ०.८. आणि ८ गेजच्या नावाखाली गाभा १० गेजचाच निघाला, तर १.३ व्होल्ट एकट्या लाल वायरीतच जातात. अर्थची (ॲम्प गाडीच्या बॉडीला जोडणारी काळी) वायर आणि फ्यूज होल्डर यांचं नुकसान वेगळं.

१४ व्होल्टचे १२.५ झाले की साध्या ॲम्पची ताकद पाचव्या हिश्श्याने घटते. तेवढ्याने आवाज लहान झाल्याचं कानाला फारसं कळत नाही. कळतं ते दुसरंच. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज खाली बसतं, लहरीचे शेंडे कापले जातात आणि तो ठोका ‘धुम्’ न वाजता ‘भर्र’ वाजतो. लोक म्हणतात स्पीकर फाटला. स्पीकर धड असतो.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज पाहा, बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ असतं. आता भरपूर बास असलेलं गाणं मोठ्याने लावा आणि बॅटरीवर एकदा, ॲम्पच्या प्लस-मायनसवर एकदा मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर वायर किंवा अर्थ कमकुवत. बॅटरीवरच काटा कोसळत असेल तर बॅटरी किंवा आल्टरनेटर दाखवायला हवा. अशा वेळी दुकानात १ फॅरडचा कपॅसिटर पुढे केला जातो. तो घेऊ नका, तो वीज तयार करत नाही. तोच पैसा तांब्याच्या ४ गेज वायरीत घाला.

अर्थ ही फिटिंगमधली सगळ्यांत घाईची जागा. काळी वायर डिक्कीतल्या सापडेल त्या स्क्रूखाली दाबली जाते आणि मध्ये रंगाचा थर तसाच राहतो. सीट-बेल्टचा बोल्ट तर वापरूच देऊ नका, तो जीव वाचवायला बसवलेला आहे. बॉडीच्या जाड पत्र्यावर नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून बोल्ट-नटने आवळायचं आणि वरून गंज लागू नये म्हणून रंग मारायचा. वायरीची लांबी अर्ध्या मीटरच्या आत आणि जाडी लाल वायरीएवढीच. बास चालू असताना मीटरचं एक टोक ॲम्पच्या अर्थवर आणि दुसरं बॉडीच्या दुसऱ्या उघड्या बोल्टवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की काम पुन्हा करून घ्या.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा आणि बोनेटमधून आत येताना वायरीला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) हवाच. पत्र्याच्या कडेवर वायर घासली आणि जवळ फ्यूज नसला तर आग लागते. इथे सवलत नाही.

ॲम्पच्या खोक्यावर १४००, २००० असे वॅट असतात. ते सोडून द्या आणि ॲम्पवरचे फ्यूज पाहा. २५ अँपियरचे दोन असतील तर ५० गुणिले १३.८, म्हणजे ६९० वॅट आत जातात. क्लास एबी या जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये त्यातले साठ टक्के, म्हणजे चारशेच्या आसपास बाहेर पडतात. कमी तापणाऱ्या क्लास डीमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास. २५० वॅट आरएमएसच्या (सतत पेलता येणाऱ्या ताकदीच्या) वूफरला एवढं भरपूर आहे.

मग ॲम्प बंद का पडतो? बऱ्याचदा जोडणीमुळे. दोन चॅनलचा ॲम्प ब्रिज केला (दोन्ही चॅनल एकत्र करून एका वूफरला जोडले) की तो साधारणपणे ४ ओहमच्या खाली चालवायचा नसतो. सेटमधला वूफर मात्र अनेकदा दोन कॉइलचा (कोन हलवणाऱ्या तारेच्या दोन गुंडाळ्यांचा), ४ अधिक ४ ओहमचा असतो. फिटर दोन्ही कॉइल समांतर जोडतो, भार २ ओहम होतो आणि ॲम्प तापून प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. एकापुढे एक जोडल्या तर ८ ओहम होतात, ताकद कमी मिळते पण ॲम्प जगतो. म्हणून घेतानाच ठरवा : दोन चॅनलच्या ॲम्पला एका कॉइलचा ४ ओहमचा वूफर, आणि दोन कॉइलचा हवा असेल तर २ ओहमला चालणारा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प. ॲम्प कार्पेटखाली दाबू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टीसारखी तापते आणि ॲम्पला चारही बाजूंनी हवा लागते.

दोन कॉइलमधली एक उलटी जोडली गेली तर वूफर जवळजवळ मुका होतो, कारण एक कॉइल ढकलते आणि दुसरी ओढते. ॲम्पच्या वायरी काढून १.५ व्होल्टचा सेल प्रत्येक कॉइलला क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर सरकतो. दोन्हीला तो एकाच दिशेने सरकायला हवा. कॉइल ४ ओहमची असेल तर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ येतं. काहीच आलं नाही, किंवा कोन दोन्ही हातांनी सारखा दाबताना खरखर लागली, तरच वूफर खरोखर गेलेला आहे.

आता गेन, म्हणजे येणारा सिग्नल ॲम्प किती मोठा करतो ते ठरवणारा नॉब. तो आवाजाचा नॉब नव्हे, पण ‘पूरा खोल दिया है’ असं फिटर अभिमानाने सांगतो आणि तिथूनच फाटणं सुरू होतं. वूफरची वायर काढा. इक्वलायझर, बास बूस्ट, लाउडनेस सगळं बंद करा. ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन लावा आणि स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या वूफरच्या टर्मिनलना लावा आणि गेन शून्यापासून हळूहळू वाढवा. किती व्होल्टवर थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. २५० वॅट आणि ४ ओहम असतील तर ३१.६ व्होल्ट. बास बूस्टचा नॉब त्यानंतरही शून्यावरच राहू द्या.

लो-पास (वरचे सूर अडवून फक्त खालचे वूफरला जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवा, आणि तो ॲम्पवर किंवा स्टिरिओवर, एकाच जागी. दोन्हीकडे लावला की बास हडकुळा होतो. बास पुढच्या सीटवर कमी आणि मागे जास्त वाटत असेल तर ॲम्पवरचा फेजचा (वूफरचा कोन आत-बाहेर उलट करणारा) स्विच शून्यावरून १८० वर फिरवून त्याच गाण्यावर ऐका. जे भरीव वाटेल ते बरोबर.

डब्याबद्दल समाधान अर्धंच. १२ इंची वूफरच्या पोर्टच्या डब्यात साधारण ५० ते ६० लिटर हवा लागते आणि भिंती १८ मिलिमीटर एमडीएफच्या हव्यात. तयार डबे अनेकदा १२ मिलिमीटरचे आणि आकाराने लहान निघतात, त्यातून एकाच सुरावर घुमणारा बास येतो. गळती शोधायला उदबत्ती उत्तम. ४० हर्ट्झचा टोन हळू लावा आणि पेटती उदबत्ती सांध्यांवरून, मागच्या टर्मिनलच्या वाटीभोवती आणि वूफरच्या कडेने सावकाश फिरवा. धुराची सरळ रेघ जिथे थरथरते तिथून हवा जाते. पोर्टच्या तोंडाशी ती हलणारच, बाकी कुठेही हलू नये. वूफर काढून आतून फेव्हिकॉल आणि लाकडाचा भुसा भरा, रात्रभर वाळू द्या.

सेडानमध्ये वूफरचं तोंड मागे करून डबा मागच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवून पाहा, आणि मागच्या सीटचा आर्मरेस्ट खाली पाडून ऐका. फरक मोठा पडतो. आणि गाडीबाहेर उभं राहून जो ‘खडखड’ ऐकू येतो तो बहुतेक वेळा नंबरप्लेटचा असतो. तिच्यामागे फोमच्या दोन पट्ट्या चिकटवल्या की तो थांबतो.