स्क्रूचा टायपोडोंट : घ्यावा का, आणि घेतल्यावर वापरावा कसा

बीडीएसच्या दुसऱ्या वर्षी प्रीक्लिनिकल (पेशंटआधीचा लॅबमधला सराव) सुरू झालं की डेंटल डेपोतली पहिली मोठी खरेदी असते टायपोडोंटची. वरचा-खालचा जबडा, मागे बिजागरी, गुलाबी हिरडी आणि तिच्यात खालून स्क्रूने आवळलेले २८ किंवा ३२ प्लॅस्टिकचे दात. तिसऱ्या वर्षी खुर्चीत खरा पेशंट बसतो, त्याआधी हाताला वळण लागतं ते यावरच. तेव्हा वस्तू घ्यावीच. पण ती काय शिकवते आणि काय शिकवत नाही हे आधीच कळलं नाही, तर वर्षभर गिरवलेली चुकीची सवय पेशंटच्या तोंडात उघडी पडते.

खोका घरी नेण्याआधी दुकानातच चार गोष्टी बघा. सगळ्यात महत्त्वाचा दातांमधला काँटॅक्ट, म्हणजे शेजारचे दात एकमेकांना टेकतात ती जागा. फ्लॉसचा (दातांतून ओढायच्या दोऱ्याचा) तुकडा ३५-३६ आणि ३६-३७ यांच्यामधून खाली ओढायचा. (पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश, दुसरा मधल्या रेषेपासूनचा दात; ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ.) तो अडकून मग टचकन उतरला पाहिजे. सरळ घसरत गेला तर काँटॅक्ट उघडा आहे, आणि अशा जबड्यावर क्लास टू (दाढेच्या शेजारच्या दाताकडच्या बाजूची कॅव्हिटी, म्हणजे भरायचा खड्डा) भरायचा, मॅट्रिक्स बँड (भरताना आधार देणारी पातळ पट्टी) नि वेज (ती घट्ट धरणारी पाचर) लावायचा सराव वायाच जातो. दुसरं, एक दात स्वतः काढून पुन्हा बसवून बघा. स्क्रू तिरका जात असेल किंवा आवळल्यावरही दात बोटाने हलत असेल तर दुसरा सेट मागा. तिसरं, हिरडी मऊ आहे की कडक? मऊ हिरडीला बर (ड्रिलचं कापणारं टोक) लागला की ती फाटते. हा तिचा दोष नव्हे, गुण आहे. खऱ्या हिरडीला कधी इजा झाली असती ते त्यावरून दिसतं. चौथं, सुटे दात त्याच कंपनीचे त्याच दुकानात कायम मिळतात का हे विचारा. एका बनावटीचा दात दुसरीच्या जबड्यात नीट बसत नाही. निसिन, फ्रासाको यांसारख्या परदेशी बनावटींपासून स्थानिक मालापर्यंत बहुतेक ठिकाणी हे खरं आहे.

आता मुख्य मुद्दा. टायपोडोंट हातात धरून कापायचा नाही. होस्टेलच्या टेबलावर जबडा डाव्या हातात फिरवत कॅव्हिटी केली तर ती सुबक होतेच, कारण दात तुमच्याकडे वळतो. पेशंटचं डोकं तसं वळत नाही. फॅन्टम हेडमध्ये (सरावाच्या नकली डोक्यात) जबडा बसवा, रबरी गाल चढवा, तोंड साधारण दोन बोटांएवढंच उघडं ठेवा. वरच्या दाढांसाठी ११ ते १२ वाजताच्या जागेवर, म्हणजे डोक्याच्या मागे, बसा आणि आरशात बघून कापा. पहिले आठ-दहा दिवस बर उलट्या बाजूला जातो, तेवढं चालायचंच. अनामिका त्याच जबड्यातल्या शेजारच्या दातावर टेकलेली हवी. समोरच्या जबड्यावर टेकवली तर पेशंटने तोंड हलवताच हातही हलतो.

उदाहरणासाठी ३६ वर अमाल्गमची (पारा मिसळलेल्या धातूच्या भरणाची) क्लास टू घेऊ. बर २४५ नंबरचा. त्याचा कापणारा भाग ३ मिमी लांब आणि टोकाला सुमारे ०.८ मिमी रुंद असतो. म्हणजे निम्मा आत गेला की खोली १.५ मिमी, वेगळं मोजायला नको. खोली १.५ ते २ मिमी ठेवायची, रुंदी दोन कस्पांमधल्या (दाढेवरच्या उंचवट्यांमधल्या) अंतराच्या चौथ्या हिश्श्याएवढी. मग बॉक्स, म्हणजे कॅव्हिटीचा शेजारच्या दाताकडचा खोल भाग : त्या दातापासून सुमारे ०.५ मिमी मोकळं, एक्सप्लोररचं (तपासायच्या अणकुचीदार सळईचं) टोक जेमतेम जाईल इतकं. इथे सर्वांत जास्त दात बिघडतात. बॉक्स उघडताना बर बाहेर निसटतो आणि ३५ ला चरा पडतो. उपाय सोपा आहे. कापण्याआधी मधे स्टीलचा मॅट्रिक्स बँड सरकवा आणि शेवटचा पातळ पापुद्रा बरने न तोडता हँड इन्स्ट्रुमेंटने तोडा. चेकिंगला जाण्याआधी ३५ सुद्धा काढून उजेडात बघा. एक्सिओपल्पल कोपरा (वरचा तळ बॉक्सच्या भिंतीला मिळतो तो) गोल केला नाही, तर त्या धारेपाशी ताण साठून अमाल्गम नेमकं इस्थमसला, म्हणजे अरुंद मानेपाशी तुटतं. प्लॅस्टिकच्या दातात ते कधीच तुटणार नाही, म्हणून ही चूक वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्राउनसाठी (दातावरच्या टोपीसाठी) ११, म्हणजे वरचा उजवा मधला दात घेतला असेल तर कापण्याआधी सिलिकोन पुट्टीचा इंडेक्स (दाताचा साचा) घ्या आणि मधून उभा कापून ठेवा. नंतर तो पुन्हा बसवला की किती कापलं ते फटीत दिसतं. पोर्सिलेन-मेटलला इन्सायझल (चावायच्या कडेला) २ मिमी, लेबियल (ओठाकडच्या बाजूला) १.२ ते १.५ मिमी. लेबियल बाजू दोन प्रतलांत कापायची असते. बहुतेक जण एकाच सरळ रेषेत कापतात, मग कडेकडचा एक तृतीयांश भाग जाड राहतो आणि क्राउन फुगीर तरी होतो किंवा ओपेक (धातू झाकणारा अपारदर्शक थर) तरी डोकावतं. डोळ्यांना हे सहज जाणवत नाही. इंडेक्स बसवला की लगेच दिसतं. मोजायला विल्यम्स प्रोब (मिलिमीटरच्या खुणांची सळई) चालतो, फक्त त्यावर ४ आणि ६ च्या खुणा नसतात हे लक्षात ठेवा.

आता उणिवा. प्लॅस्टिक आतून-बाहेरून सारखंच. खऱ्या दातात एनॅमल (बाहेरचा कडक थर) संपून डेंटिन (आतला थर) लागलं की रंग पिवळसर होतो आणि बरचा आवाज व स्पर्श बदलतो. तो इशारा इथे नाही. (थर असलेले आणि कीड दाखवणारे दातही मिळतात, ते महाग पडतात, पण दोन-चार जरूर घ्यावेत.) शिवाय प्लॅस्टिक दाबून कापलं जातं. तीच सवय एनॅमलवर नेली की एअरोटरचा (हवेवर फिरणाऱ्या ड्रिलचा) टर्बाइन अडतो, बेअरिंग झिजतं आणि दात तापतो. एअरोटर हलक्या हाताने, फटकारे मारल्यासारखा चालवायचा.

पाण्याची गोष्ट सर्वांत गंभीर. सक्शन नाही म्हणून कित्येक ठिकाणी फॅन्टम लॅबमध्ये पाणी बंद करून कापतात. प्लॅस्टिक वितळून बरच्या खाचांत चिकटतं, जळका वास येतो, आणि मुलांना वाटतं बर बोथट झाला. नुकसान इतकंच असतं तर बिघडलं नसतं. पण कोरडं कापायची सवय पेशंटवर गेली की पल्प (दाताच्या आतला जिवंत गर) भाजतो. खाली ट्रे ठेवा, टॉवेल ठेवा, पण स्प्रे सुरू ठेवूनच कापा.

म्हणून टायपोडोंटच्या जोडीला उपटलेले खरे दात हवेतच. ते मिळाले तसे खिशात घालून आणायचे नाहीत. अमाल्गम नसलेले दात ऑटोक्लेव्ह करायचे (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचे). अमाल्गम भरलेले ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाहीत, कारण पाऱ्याची वाफ होते. ते १० टक्के फॉर्मलिनमध्ये दोन आठवडे ठेवायचे. नंतर ओलेच राहू द्या. वाळलेला दात ठिसूळ होतो आणि कापताना तडकतो, मग दोष हाताचा की दाताचा हे कळत नाही. प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवताना दोन दात काँटॅक्टमध्ये बसवा.

रबर डॅमच्या (दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याच्या) सरावाला टायपोडोंट उत्तम. पडदा दातावर धरणारा क्लॅम्प लावण्याआधी त्याच्या कमानीला फ्लॉस बांधायची सवय इथेच लावा, कारण निसटलेला क्लॅम्प पेशंटच्या घशात जाऊ शकतो. लाळ, जीभ, भूल, रक्तदाबाची नि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी यातलं मात्र इथे काहीच शिकायला मिळत नाही. त्यासाठी ओपीडीत सीनियरशेजारी उभं राहून बघावं लागतं.

देखभाल फारशी नाही. रोज सुरुवातीला सगळे स्क्रू तपासा, एअरोटरच्या कंपनाने ते सैल होतात. फार आवळू नका, दाताच्या आतला आटा गेला की तो दात संपला. सुटे दात घेताना ११, १६, ३६ आणि ४६ जास्त घ्या. कापलेला दात टाकू नका; त्याच्या मुळावर तारीख आणि मोजलेली खोली बारीक मार्करने लिहा आणि क्रमाने डबीत ठेवा. चेकिंगला पहिला आणि शेवटचा दात शेजारी शेजारी ठेवून दाखवा.