साउंड हीलिंगच्या कोर्समध्ये पैसे भरण्याआधी हे वाचा

मे संपला की आपल्या किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांच्या हातात सिझनचे पैसे असतात आणि खोल्या मात्र गणपतीपर्यंत रिकाम्या. नेमकं तेव्हाच असले कोर्सवाले गाठतात. गेल्या पावसाळ्यात 'साउंड हीलिंगचा व्यवसाय सुरू करा' असा मेसेज आम्हाला आला. साउंड हीलिंग म्हणजे नाद ऐकवून पाहुण्यांना आराम द्यायचा. आमचं घर गुहागर तालुक्यात, अगदी समुद्राला लागून.

८५,००० रुपयांत कोर्स, 'हिमालयात हाताने घडवलेले सप्तधातूंचे' सात सिंगिंग बोल (नाद काढायच्या धातूच्या वाट्या), आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, आणि वर्षभर गेस्ट पाठवण्याची हमी. पैसे मात्र संस्थेच्या खात्यावर नाही, एका बाईंच्या वैयक्तिक खात्यावर मागितले. 'जीएसटीचं काम चालू आहे' म्हणाले.

शिकवलं ते बोल कसा धरायचा, कुठे ठेवायचा, एवढंच. पेसमेकर असलेला माणूस, गरोदर बाई, फिट येणारा पेशंट आला तर काय काळजी घ्यायची, यावर एक शब्द नाही. उलट बोर्डावर 'मधुमेह, रक्तदाबावर उपचार' लिहा म्हणून आग्रह! अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. बोर्ड आमच्या दारात लागणार, म्हणजे पोलीसही आमच्याच दारात येणार.

बोलांचं बिंग घरातच फुटलं. एक बोल ओट्यावरून खाली पडला आणि त्याला पोचा आला. कांसं असं पोचत नाही, सहसा तडकतं. सासूबाईंनी पाय चोळायची काशाची वाटी आणून शेजारी ठेवली, दोन्हींवर टिचकी मारली. वाटीचा नाद कितीतरी वेळ रेंगाळला, बोलाचा लगेच विरला. चिपळूणच्या भांडीवाल्यांनी बघताक्षणी पितळ म्हणून सांगितलं. चांगले बोल काशाचे, म्हणजे तांबं आणि कथिल यांचे असतात. सप्तधातूंची गोष्ट भाव वाढवायला सांगतात.

'सरकारमान्य' म्हणून दाखवलेला कागद उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा निघाला. ती नोंदणी कोणालाही ऑनलाइन, फुकट करता येते. त्यातून शिक्षणाचा दर्जा ठरत नाही. आयुष मंत्रालयाच्या उपचारपद्धतींत आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी आहेत. साउंड हीलिंग नाही.

गेस्ट एकही आला नाही. विचारलं तर उत्तर असं : 'तुम्ही दोन नवे विद्यार्थी आणा, तुमची फी वसूल होईल.' तेव्हा सगळा धंदा लख्ख दिसला. कोर्स चालवणाऱ्या माणसाची कमाई उपचारांवर नव्हतीच, आपल्यासारख्यांना प्रशिक्षक बनवण्यावर होती. आम्ही आमच्या ओळखीच्या एकाही घरात हे नेलं नाही. पैसे परत मागितले तसं ग्रुपमधून काढून टाकलं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. 'धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं हे कोर्सवाले ठणकावून सांगतात. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू असेल, तर तुम्ही ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. आम्ही रत्नागिरीला तक्रार दाखल केली आहे. सल्ल्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

साउंड हीलिंग करूच नका असं मी म्हणत नाही. शांत किनाऱ्यावर तासभर डोळे मिटून नाद ऐकायला पैसे मोजणारे पाहुणे आहेत. पण शिकवणाऱ्याला आधी विचारा : तुमच्याकडे नुसते ऐकायला येणारे, शिकायला न आलेले गिऱ्हाईक किती? त्यांच्यातल्या दोघा-तिघांशी बोलू द्या. आमच्या माणसाने हा प्रश्न प्रत्येक वेळी टाळला. यंदा तोच कोर्स नाव बदलून दापोली-हर्णैकडच्या ग्रुपांवर फिरतोय. फोटोतले बोल तेच आहेत, आणि पैसे मागतात तेही त्याच बाईंच्या खात्यावर.