अकॉस्टिक न्यूरोमा: थांबावे, किरणोपचार घ्यावेत की गाठ काढून टाकावी?

एका कानाने हळूहळू कमी ऐकू येऊ लागते, फोन नकळत दुसऱ्या कानाकडे जातो, कानात रात्रंदिवस गुणगुण चालू राहते आणि अखेर एमआरआयच्या अहवालात ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे शब्द येतात. ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही आणि बहुतेक वेळा वर्षाला एखाददोन मिलिमीटरच वाढते. तिचे ‘अकॉस्टिक न्यूरोमा’ (ऐकण्याच्या मज्जातंतूची गाठ) हे रूढ नाव दोन्ही अंगांनी चुकीचे आहे, कारण ती ऐकण्याच्या नव्हे तर तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवर उगवते आणि मज्जातंतूपासून नव्हे तर त्यावरील आवरणाच्या श्वान पेशींपासून तयार होते. (हा श्वान म्हणजे थिओडोर श्वान नावाचा जर्मन शास्त्रज्ञ, मराठी वाचकाने दचकू नये.)

निवड करण्याआधी गाठीचा आकार पाहावा लागतो. गाठ साधारण तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, मेंदूच्या खोडावर दाब देत असेल किंवा मेंदूतील पाण्याचा निचरा अडला असेल, तर तुलनेला फारसा वाव नाही. शस्त्रक्रिया करावी लागते. दोन्ही कानांकडे गाठी असतील तर तो एनएफ२ हा आनुवंशिक विकार असू शकतो आणि त्याचे गणित वेगळे असते. पुढील विवेचन एकाच बाजूच्या, लहान किंवा मध्यम गाठीपुरते आहे.

बहुतेक रुग्ण पहिला प्रश्न विचारतात तो श्रवणाचा: “आत्ताच उपचार घेतला तर कान वाचेल ना?” येथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. अमेरिकेतील मेंदू-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तिन्ही मार्गांचे आकडे दिलेले आहेत. निदानाच्या वेळी उपयोगी श्रवण, म्हणजे ढोबळमानाने ५० डेसिबलपर्यंतची घट आणि किमान निम्मे शब्द ओळखता येणे, शिल्लक असलेल्या रुग्णांचे हे आकडे आहेत. केवळ देखरेखीखाली राहिलेल्यांमध्ये ते श्रवण टिकण्याची शक्यता दोन वर्षांनी ७५ टक्क्यांहून अधिक, पाच वर्षांनी ५० ते ७५ टक्के आणि दहा वर्षांनी २५ ते ५० टक्के आहे. किरणोपचारानंतर ती दोन आणि पाच वर्षांनी ५० ते ७५ टक्के असते आणि दहा वर्षांनी तीही २५ ते ५० टक्क्यांवरच येते. श्रवण वाचवण्याच्या हेतूने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर मात्र सुरुवातीपासूनच ती २५ ते ५० टक्के असते. तिन्ही गटांतील रुग्ण सारखे नव्हते, त्यामुळे हे आकडे एकास एक लावून पाहता येत नाहीत. तरीही दहा वर्षांच्या टप्प्यावर तिन्ही वाटा जवळपास एकाच ठिकाणी येतात हे स्पष्ट दिसते. गाठ वाढली नाही तरीही ऐकणे कमी होत जाऊ शकते. म्हणून केवळ कान वाचवण्यासाठी घाईने उपचार घेणे मला पटत नाही.

थांबणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. साधारण सहा महिन्यांनी दुसरा एमआरआय, त्यानंतर पाच वर्षे दरवर्षी एक आणि पुढे अंतर वाढवत, अशी ती शिस्त आहे. डेन्मार्कमधील ५५२ रुग्णांच्या २००६ मधील अभ्यासात कानाच्या अंतर्गत नलिकेतच असलेल्या गाठींपैकी १७ टक्के आणि नलिकेबाहेर आलेल्या गाठींपैकी २९ टक्केच वाढल्या, आणि ती वाढ पहिल्या पाच वर्षांतच दिसून आली. ज्याला दरवर्षीचे स्कॅन चुकवण्याची सवय आहे त्याने मात्र हा मार्ग निवडू नये.

थांबणे आणि किरणोपचार यांची थेट तुलना नॉर्वेतील बर्गन येथे झाली आणि ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, नव्याने निदान झालेल्या गाठींच्या १०० रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच गॅमा नाइफ (गाठीवर नेमके किरण केंद्रित करणारा किरणोपचार) दिले गेले आणि निम्मे देखरेखीखाली राहिले. चार वर्षांनी पहिल्या गटातील गाठी आकारमानाने सरासरी १३ टक्क्यांनी आक्रसल्या होत्या, तर दुसऱ्या गटातील सुमारे ५१ टक्क्यांनी वाढल्या होत्या. परंतु श्रवण, चेहऱ्याची हालचाल आणि जीवनमान यांत लक्षणीय फरक आढळला नाही. थांबलेल्या ५० पैकी २१ जणांना पुढे वाढीमुळे किरणोपचार घ्यावेच लागले. म्हणजे थांबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण चार वर्षे उपचाराविना राहिले, आणि उशिरा उपचार घेणाऱ्यांसह त्या गटाचे सरासरीने काही बिघडले नाही.

किरणोपचाराविषयी एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. यात गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते, आणि तेवढे यश ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांना मिळते. आजच्या १२-१३ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेत चेहरा वाकडा होण्याची शक्यता अत्यल्प आहे. उपचारानंतर सहा ते अठरा महिन्यांत गाठ तात्पुरती फुगू शकते, आणि त्या वेळचा अहवाल पाहून घाबरलेला रुग्ण अनावश्यक शस्त्रक्रियेकडे वळू शकतो. उलट, खरोखरच अपयश आले तर चिकटलेल्या ऊतींमुळे नंतरची शस्त्रक्रिया अवघड होते. किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका फार दुर्मीळ आहे; तिशीतील रुग्णाने त्याचा विचार करावा, सत्तरीतील रुग्णाने तो मनात आणू नये.

शस्त्रक्रियेत गाठ एकदाची निघते, ही तिची जमेची बाजू. किंमत मुख्यतः गाठीला लागूनच जाणाऱ्या चेहऱ्याच्या मज्जातंतूला मोजावी लागू शकते; तो दुखावला तर चेहरा वाकडा होतो आणि त्या बाजूचा डोळा नीट मिटत नाही. कानाच्या आतील भागातून जाणाऱ्या मार्गात त्या बाजूचे श्रवण पूर्णपणे जाते, तर कवटीच्या मागून किंवा वरून जाणाऱ्या मार्गांत ते वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. मेंदूभोवतीच्या द्रवाची गळती आणि मेंदूज्वर हे इतर धोके आहेत. शल्यचिकित्सकाला त्याच्या स्वतःच्या रुग्णांपैकी, आपल्याएवढ्याच आकाराच्या गाठीनंतर, वर्षभराने किती जणांचे डोळे नीट मिटत होते, हे विचारावे. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ अनेक वर्षांपासून आहे; जेथे दोन्ही उपचार होतात अशा ठिकाणचे एक मत आणि अन्यत्रचे एक, अशी दोन मते घ्यावीत. एकच उपचार करणारा बहुधा तोच सुचवतो.

ज्यांचा तो कान गेलाच आहे, त्यांना त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारे क्रॉस श्रवणयंत्र मिळते, आणि ऐकण्याचा मज्जातंतू शाबूत असेल तर काहींना कॉक्लिअर इम्प्लांटचाही (आतील कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या विद्युत श्रवणयंत्राचाही) उपयोग होतो. त्यासाठी गाठ काढताना तो मज्जातंतू जपता येईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावा लागतो.